बरोबरीचे मोजायचे की नाही

वैशे, तुझ्या दशक्रियेला तालुक्यातले झाडून सगळे पुढारी आले होते आणि त्यांतल्या एकालाही पर्सेंटाईल म्हणजे काय हे माहीत नव्हतं. गोदावरीच्या घाटावर मांडव, लाऊडस्पीकर, पांढऱ्या टोप्या, आणि मधोमध तुझा तो हसरा फोटो, जो तू क्लासच्या फ्लेक्ससाठी मुद्दाम काढून घेतला होतास. प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. पहिल्याने सांगितलं की मॅडमनी गोरगरिबांच्या पोरांना शंभरपैकी नव्याण्णव पर्सेंटाईल मार्क मिळवून दिले. दुसऱ्याने आकड्यात न पडता "पर्सेंटाईलची गंगा" असं काहीतरी म्हटलं. तिसरा म्हणाला, "वैशालीताई आज देवाच्या दारात शंभर पर्सेंटाईलनं पास झाल्या." लोकांनी माना डोलावल्या. मी बायकांत बसले होते. सवयीने मान वळवून तुझ्याकडे बघायला गेले. दोघींनी मिळून नाक मुरडायची इतकी चांगली संधी वर्षानुवर्षांत आली नव्हती, आणि तू फोटोत.

कावळाही लगेच शिवला. पिंड ठेवून भटजी मागे सरतात न सरतात तोच आला, भात उचलला, गेला. आत्याबाई म्हणाल्या, "पुण्यवान बाई. कशात म्हणून जीव अडकला न्हाई." मला त्या कावळ्याचा इतका राग आला की दगड उचलावासा वाटला. कशातच अडकला नाही? मंगळवारी आपण फोनवर भांडलो, ते भांडण अर्धं टाकून तू "रविवारी ये, फळ्यावर दाखवते" म्हणालीस, आणि गुरुवारी सकाळी त्याच फळ्यासमोर कोसळलीस. रविवारी मी आले, पण ती तुझ्या सांत्वनाच्या गर्दीत. एवढं अर्धं राहिलेलं असताना कावळा काय समजून आला कोण जाणे. तुझ्यासारखाच असणार, प्रश्न नीट न वाचता उत्तर देणारा.

तसं मी तुझ्या तोंडावर नेहमीच म्हणत आले आहे. तू प्रवेश परीक्षांच्या गणिताचा क्लास चालवायचीस आणि मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तू ज्याला ट्रिक म्हणायचीस त्याला मी लबाडी म्हणते. तू माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठी, पण ताई मी तुला कधी म्हटलं नाही, कारण तुला एकटीला शाळेत जायची भीती वाटायची म्हणून कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेत मला तुझ्याबरोबर वेळेआधीच नेऊन बसवलं होतं. पहिलीपासून बारावीपर्यंत आपण एका बाकावर. शाळेच्या दारात रडणारीला ताई कोण म्हणेल.

आपलं भांडण ज्या प्रश्नावर अडलं तो अगदी साधा होता. तुझ्या सराव परीक्षेतला. वर्गात चाळीस मुली. सोनालीपेक्षा कमी गुण तीस जणींना. सोनालीइतकेच गुण आणखी तिघींना. तर सोनालीचा पर्सेंटाईल किती? खाली पर्याय: पंच्याहत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. मी म्हटलं, पंच्याहत्तर. चाळिसात तीस जणी तिच्या मागे आहेत, म्हणजे शंभरात पंच्याहत्तर, विषय संपला. तू म्हणालीस, पंच्याऐंशी. तीस मागच्या, तिघी बरोबरीच्या, आणि एक ती स्वतः, मिळून चाळिसात चौतीस.

"परीक्षेच्या नियमात 'समान किंवा कमी' असं छापलंय, मने," तू म्हणालीस.

"छापलंय म्हणून खरं होत नाही. बरोबरीच्या मुलींना सोनालीने कुठे मागे टाकलंय?"

"तू संख्याशास्त्र शिकवतेस का शर्यती लावतेस?"

हे भांडण काही नवं नव्हतं. दिवाळीत, मंगळागौरीत, अगदी आईच्या वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकातही आपण ते याच सोनालीवरून केलेलं आहे. एकदा दाजींनी मध्यस्थी केली होती, आठवतं? तुझा नवरा म्हणजे बांधावरची भांडणं मिटवण्यात हातखंडा असलेला माणूस. ते म्हणाले, "एवढं काय त्यात. सोनाली धरून बरोबरीच्या चौघी, त्यांतल्या अर्ध्या मोजा. ऐंशी येतात. दोघींचंबी राहील." तशी रीतही पुस्तकांत सापडते, पण दाजींना ते ठाऊक नव्हतं, त्यांनी ती शेजाऱ्यांच्या विहिरीची पाळी ठरवावी तशी ठरवली होती. आपण दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आयुष्यात आपलं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर झालं नसेल.

पण मला सोनालीशी काही देणंघेणं नव्हतं, आणि तुलाही ते ठाऊक असणार. बारावीला आपल्या दोघींना सारखे गुण पडले. एकूण सारखे, गणितातही सारखे. तेव्हा डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे पोरीचं आयुष्य मार्गी लागणं. यादी लागली, तिच्यात शेवटचं नाव तुझं होतं आणि प्रतीक्षा यादीत पहिलं माझं. गुण सारखे असले तर वयाने मोठी ती आधी, असा नियम. अण्णा कारखान्यात टाइमकीपर, नियमावर त्यांचा जीव. ते म्हणाले, "न्यायाचं झालं," आणि कॉलनीत पेढे वाटून आले. मी प्रतीक्षा यादीत वाट पाहत राहिले, कोणीही जागा सोडली नाही. तू ट्रंक भरलीस. मला वाटलं होतं की जाताना काही तरी म्हणशील. "मने, माझी वेणीची रिबन कुठंय?" एवढंच म्हणालीस.

म्हणून तू फळ्यावर 'समान किंवा कमी' असं लिहून बरोबरीच्यांना मागच्यांच्या बेरजेत घ्यायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, हिने मला परत एकदा मागे नेऊन उभं केलं. सारखे गुण घेऊन मी तुझ्या मागे होते का बरोबर होते, एवढंच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी मी इतकी वर्षं व्याख्या, संदर्भ आणि पुस्तकातली पानं तुझ्या तोंडावर फेकत राहिले, आणि तू नियमपुस्तिका दाखवत राहिलीस.

आणि ती जागा घेऊन तू केलंस काय? पाथर्डीकडे जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. लोक त्या नोकरीसाठी देव पाण्यात घालून बसतात. तू पाच-सहा वर्षांत राजीनामा देऊन परत आलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "दिवाळी झाली की पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. वर्गात चार उरतात. चारांत पहिला आलेल्याला शाबास म्हणताना माझं मलाच कसंतरी होतं." मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते, ही पळवाट होती. कसंतरी होतं म्हणून सगळ्यांनी राजीनामे दिले तर राज्यात एक शिक्षक उरायचा नाही. वर तू मला ऐकवायचीस, "मी तुझी जागा घेतली म्हणूनच तू एम.एस्सी. झालीस, नाहीतर तूही पाथर्डीत खडू झिजवत बसली असतीस." असलं उफराटं उपकाराचं गणित फक्त तुलाच जमायचं.

मग कोपरगावात क्लास. पुढे अंगण, मागे एक खोली, आणि रस्त्याला लागून तो भयंकर फ्लेक्स, ज्यावर पोरींचे पासपोर्ट फोटो, प्रत्येकीच्या खाली आकडा, आणि सगळ्यांच्या वर तू. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रिक्षावाल्याला म्हटलं होतं, पुढे घ्या, हे घर नाही. आत तर त्याहून वाईट. सराव परीक्षा झाली की तू पोरींना गुणांच्या क्रमाने अंगणात उभं करायचीस. ज्यांचे गुण सारखे त्या एका ओळीत, खांद्याला खांदा लावून. मग "मागे वळा" म्हणून ओरडायचीस. मागच्या मोजा, शेजारच्या मोजा, आणि स्वतःला मोजायला विसरू नका. त्या "विसरू नका"ला तुझा आवाज इतका चढायचा की समोरचा गॅरेजवाला पाना हातात धरून थांबायचा. लांबून बघणाऱ्याला रेशनची रांग वाटली असती. पोरींना असं क्रमाने उभं करणं हा मला निव्वळ अडाणीपणा वाटायचा. शेवटच्या पोरीचं काय होत असेल, असं मी विचारलं तर म्हणालीस, "तिला पण स्वतःला मोजता येतं. तुझ्या रीतीत शून्य मिळालं असतं तिला."

एकदा एका पोरीचा बाप आला होता. मी खोलीत बसून तुझ्या पेपरातल्या चुका काढत होते. तो माणूस घाबरलेला होता आणि चिडलेलाही.

"मॅडम, पोरीला शंभरात बावन्न पडलेत. मंग कागदावर एक्क्यान्नव कशे? फशिवलं का काय आमाला?"

तू त्याला पाणी दिलंस आणि एकदम त्याच्या बोलीत शिरलीस. "दादा, कारखान्यावर ऊस घेऊन जाता ना? किती टन हाय ते कोन सांगतं?"

"काटा."

"अन् नंबर कधी लागंल, ते काटा सांगतो का?"

"न्हाई. ते गाड्या किती हायेत मागं-पुढं त्यावर."

"मंग बावन्न हे टन झाले. एक्क्यान्नव म्हंजी शंभरातल्या एक्क्यान्नव गाड्या तुमच्या पोरीच्या पुढं न्हाईत."

तो माणूस हसला, डोळे पुसले, आणि गेला. मी बाहेर येऊन म्हटलं की ही उपमा साफ चुकीची आहे. कारखान्याच्या रांगेत जास्त टनवाला पुढे नसतो, आधी आलेला पुढे असतो. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "त्याला समजलं. तुला काय अडचण आहे?" मला अजून अडचण आहे. पण 'पुढे नाहीत' असं तू म्हणाली होतीस, 'मागे आहेत' असं म्हणाली नव्हतीस. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी टनात अडकले होते.

तर दशक्रिया झाल्यावर दाजी माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, हातात तुझ्या क्लासची किल्ली. म्हणाले, "मनीषा, परीक्षा तोंडावर आलीय. तेवढी बॅच पार पाड." मी हो म्हटलं. माया उफाळून आली वगैरे समजू नकोस. त्या पुढाऱ्यांपैकी कोणाच्या तरी भाच्याला ते तुझ्या फळ्यासमोर उभा करतील या भीतीने म्हटलं. तुझ्यापेक्षा वाईट शिकवणारी माणसं या तालुक्यात शिल्लक आहेत, आणि हे मी तुझं कौतुक म्हणून लिहीत नाही.

मी नीट शिकवलं. व्याख्या लिहिली, आलेख काढला, तिन्ही रीती सांगितल्या आणि माझी कोणती तेही सांगितलं. पोरी जांभया देत होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, अंगनात न्हाई जायाचं का?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं. त्या स्वतःच गेल्या, स्वतःच गुणांप्रमाणे उभ्या राहिल्या. सारखे गुण असलेल्या पोरींनी एकमेकींच्या हातात हात घातले, म्हणजे ओळ मोडू नये म्हणून. हे तू शिकवलं होतंस का त्यांनीच सुरू केलं होतं, मला माहीत नाही. मी पायरीवर बसून बघत राहिले आणि मला तुझा मनापासून राग आला, कारण ते बघायला छान वाटत होतं.

तेवढ्यात कोमल नावाची पोरगी रांग सोडून माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी सकाळी मोठ्या मॅडमनी एक प्रश्न दिल्ता. त्याचं उत्तर तपासायचं राहिलंय."

"कुठला?"

"परीक्षेला दोघीच बसल्या, अन् दोघींना सारखेच मार्क पडले, तर दोघींचा पर्सेंटाईल किती? म्हन्ल्या, रविवारी एका हट्टी बाईला हे फळ्यावर दाखवायचंय, आधी तुमी काढून बघा."

मी तिला जागेवर जायला सांगितलं.

प्रश्न तोंडी सुटण्यासारखा आहे. माझ्या रीतीने दोघींच्या मागे कोणीच नाही, म्हणून दोघींना शून्य. तुझ्या रीतीने पहिली दुसरीला मोजते आणि स्वतःला मोजते, दुसरीही तसंच करते, म्हणून दोघींना शंभर. दोघींपैकी कोणाच्याही मागे कोणी जात नाही. तुझी बेरीज माझ्यामुळे वाढते आणि माझी तुझ्यामुळे. गणित म्हणून हे मला एम.एस्सी.च्या आधीपासून येतं. तू इतकी वर्षं ते आपल्या दोघींबद्दल सांगत होतीस, हे मात्र त्या पायरीवर कळलं. मी बरोबर होते, वैशे. तू मला बरोबर धरलेलं होतंस, डी.एड.च्या यादीपासून, कदाचित शाळेच्या दारापासून.

मग ते सरळ का नाही सांगितलंस? ट्रंक भरताना रिबन विचारलीस, त्याऐवजी एक वाक्य बोलली असतीस तर तुझं काय झिजलं असतं? आईच्या श्राद्धाला पुरण वाटताना म्हणाली असतीस, मंगळवारी फोनवर म्हणाली असतीस. पण नाही. बाईला सगळं फळ्यावर दाखवायचं असतं, ट्रिक करून, वर्गासमोर, टाळ्या मिळतील अशा बेताने. दोन दिवस आधी फळ्याविना सांगायची तुझी हिंमत नव्हती. अकरा महिन्यांनी मोठी असून तू शेवटपर्यंत भित्रीच राहिलीस. आणि तू दिलेलं इतकं मोठं काही मला आजवर कोणी दिलेलं नाही, हेही इथेच लिहून टाकते, कारण तुझ्यासारखं रविवारपर्यंत ठेवायची मला आता भीती वाटते.

पोरींना मी सोनालीच्या प्रश्नाचं पंच्याऐंशी हेच उत्तर पाठ करायला सांगितलं आहे. परीक्षेच्या नियमात तसं छापलंय म्हणून. कोमलला दोघींचे शंभर-शंभर बरोबर आहेत असंही सांगितलं. तिने टाळी वाजवली, तुझीच विद्यार्थिनी.

सगळ्या गेल्यावर मी फळा पुसला आणि तोच प्रश्न पुन्हा लिहिला, एक माणूस कमी करून. दोघींपैकी एक उठून गेली आहे, परीक्षेला आता एकटीच बसली आहे. तुझ्या रीतीने तिला शंभर मिळतात. मागे कोणी नाही, शेजारी कोणी नाही, तरी स्वतःलाच मोजून पूर्ण शंभर. इतका निर्लज्ज आकडा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. इथे तुझी रीत साफ चुकते, नियमात काहीही छापलेलं असो. एकटी उरली की शून्य. या एका प्रश्नात माझंच उत्तर बरोबर आहे, वैशे. हे लिहिलेलं मी पुसलेलं नाही. खडू तुझ्या जागेवर ठेवला आहे. ये आणि खोडून दाखव.